लार्गा

तिरफळ हे नाव कुंदानं ठेवलं.
काळं, सुरकुतलेलं, जिभेला झोंबणारं.
तीन महिन्यांचं पिल्लू,
आणि जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतचं
सगळं चोडण त्याच्या मालकीचं.

माझं अंगुस्तान गेलं.
गिऱ्हाइकाच्या कोटाचं शेवटचं बटण गेलं.
सुक्या बांगड्याचं डोकं, समईची वात,
पोरीच्या कंपासपेटीतला कोनमापक
(तो परत आला, पण नव्वद अंशांपर्यंतच).

मी ओरडायचो, "सोड!"
त्याला वाटायचं, खेळ सुरू झाला.
ते माडाभोवती, मी त्याच्यामागे,
शेजारची पोरं पैजा लावायची.
जबड्यात बोट घालावं
तर आधी गिळायचं, मग तोंड उघडायचं:
घे, शोध.

अंगुस्तान तिसऱ्या दिवशी मिळालं.
कसं ते विचारू नका. अजून वापरतो.

गडग्यापलीकडून एर्नेस्तिनबाय बघत होती.
"ओढून घेतलंस तर उद्या जास्त लांब पळेल.
त्याच्याशी सौदा कर रे, शिंपी ना तू?"
पोदेराच्या उंड्याचा तुकडा
तिनं सुंगटांच्या हुमणात बुडवला,
खाली बसली, गुडघे कटकन वाजले,
आणि म्हणाली, पाहुण्याला आत बोलवावं तसं,
"लार्गा."

चप्पल खाली. उंडा तोंडात.
आणि मग तिनं चप्पल त्याला परत दिली!
"दर वेळी त्याचंच नुकसान झालं
तर कोण करील तुझ्याशी धंदा?"
लार्गा, उंडा, चप्पल. लार्गा, उंडा, चप्पल.
दिवेलागणीपर्यंत चालला हा बाजार.
चप्पल कुंदाची होती, नवी.

तिच्या आधीच्या चारही कुत्र्यांना हीच भाषा यायची.
मुलगा लिस्बनला, नातवंडं फोनवर इंग्रजीत.
पोर्तुगीज तिला आता
जपमाळेपुरती लागते, आणि कुत्र्यांपुरती.

मी घरी तोच उंडा, तेच हुमण घेऊन
"सोड" म्हणून बघितलं. कोकणीतून, मराठीतून,
शब्द तर एकच, सूर बदलून.
तिरफळ उंड्याकडे बघे, माझ्याकडे बघे,
गुरुजी बरोबर उत्तराची वाट बघतात तसं.
शेवटी मीच शिकलो.

मग ती सकाळ. मी फेरीत चढलेलो,
रायबंदरला दुकान उघडायचं होतं.
हे मागोमाग धक्क्यापर्यंत आलेलं
आणि तोंडात केंड.
टम्म फुगलेलं, पांढऱ्या पोटाचं, विषारी केंड.
आमच्या मध्ये नऊ स्कूटर, एक मासळीचा टेम्पो,
आणि दोर धरून उभा शाणू,
निवृत्त झाला तरी रोज दोर धरायला येणारा.

"सोड!" म्हणालो. शेपूट हलली.
मग सगळ्या फेरीदेखत, पोटातून, बेंबीच्या देठापासून:
"लार्गा!"

केंड खाली पडलं.
दोरही पडला.

फेरी तिरकी सरकली, कोणीतरी किंचाळलं,
शेवटची स्कूटर चौघांनी वर ओढली,
वरून सारंगानं शाणूचा उद्धार केला.
शाणू आपल्या उघड्या तळव्यांकडे बघत होता.
"माझा बाप लांचीवर होता, पोर्तुगीज राजवटीत,"
एवढंच म्हणाला. "हात आपोआपच..."

पाणी रुंदावत गेलं.
केंडाशेजारी तिरफळ बसलेलं, अगदी ताठ,
चिखलावर शेपूट आपटत,
माझ्या हाताकडे बघत.
हातात काय? खिशात खडू आणि टेप.

टेम्पोवाल्याकडून अर्धी चपाती मागून घेतली,
कोरडीच, हुमण कुठलं,
आणि पलीकडे न उतरता त्याच फेरीनं परत.
ते तिथंच होतं. केंडही तिथंच,
कावळ्यांनीसुद्धा सोडलेलं.

दुकान साडेदहाला उघडलं.
कोटवाला पायरीवर बसला होता, बटणासाठी.
म्हटलं, वाटेत एकाचं देणं होतं.